जामबागेतलं वादळ

काचीगुडा स्टेशनात गाडी शिरली तेव्हा आभाळ तांबूस-करडं झालं होतं आणि वारा अगदी पडला होता. टांगेवाल्यानं माझी ट्रंक आत ठेवली आणि वर पाहिलं. "आसमान अच्छा नई दिसरा, अम्मा," एवढंच तो म्हणाला.

राज्याची भाषावार वाटणी झाली आणि माझ्या यजमानांची बदली औरंगाबादेस झाली. आमच्यासारखी कितीतरी मराठी घरं तशी उठून गेली. मागे राहिले माझे वडील, अण्णा. शाळेतून गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून जामबागेत एकटेच. त्यांना कायमचं घेऊन जायला मी आले होते.

"मी येणार नाही," अण्णांनी पाणी पुढे करतच सांगितलं. "तिकडं मला ओळखतं कोण?"

सकाळी मधल्या भिंतीपलीकडून हाक आली, "मास्टर, उठे क्या?" ते शेजारचे करीमचाचा. रोज ते उर्दू वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि अण्णा अलीकडून वाद घालायचे. माझ्यासाठी चाचींनी खिचडी आणि खट्टा (तीळ-चिंचेचं आंबट सार) पाठवला होता. चाचा मला म्हणाले, "मास्टरकू लेजाने आई ना, बेटी? लेजा. हमारा क्या, हम भिंतीसे बाता कर लेंगे." 'भिंत' हा त्यांचा एक लाडका मराठी शब्द. ते हसले, अण्णा मात्र हसले नाहीत.

जेवणं होतात न होतात तोच वारा सुटला. समुद्रावरचं वादळ इतक्या आत येतं हे मला ठाऊक नव्हतं. आधी पत्रे थडथडले, मग कौलं पानांसारखी उडू लागली. पाऊस आडवा येत होता. दाराच्या फटींतून पाणी आत घुसत होतं. आमची मागची खोली दगडी, म्हणून चाचा चाचींना धरून आमच्याकडे घेऊन आले. आल्यावर त्यांना बांधलेली बकरी आठवली.

"नक्को जाओ," चाची ओरडल्या.

"अब्बी आया," म्हणत ते गेले आणि मधली मातीची भिंत बसली. वाऱ्याच्या आवाजात तो आवाज फार मोठासा वाटलाच नाही.

अण्णा धावले, त्यांच्यामागे मी. भिजलेली माती हातांनी उपसून आम्ही चाचांना बाहेर काढलं आणि दाराच्या फळीवर घालून आत आणलं. दवाखान्याच्या वाटेवर छातीएवढं पाणी होतं. डॉक्टर आणायला निघालेली माणसंही परत आली. चाचांचा श्वास तुटत होता. त्यांनी विचारलं, "पानी अंदर आरा क्या, मास्टर?"

आम्ही घोटाभर पाण्यात उभे होतो.

"नई आरा," अण्णा म्हणाले. "तुम सो जाओ."

दिवेलागणीला चाचा गेले.

वादळ ओसरल्यावर गाव ओळखू येईना. लहानपणापासून पाहिलेली झाडं मुळांसकट आडवी झाली होती. मुसीकाठच्या झोपड्यांच्या जागी नुसता गाळ होता आणि शाळांच्या व्हरांड्यांत माणसं ओली गाठोडी उशाशी घेऊन पडली होती. अण्णांनी चाचांना खांदा दिला. परत येऊन हातपाय धुतले आणि म्हणाले, "ट्रंक भर. निघू."

हेच ऐकायला मी आले होते, पण तोंडून निघालं, "थोडं थांबू ना, अण्णा. घर नीट करून घेऊ."

"घर होईल गं नीट. सकाळी हाक कोण मारणार?"

चाचींना न्यायला त्यांचे भाऊ आले होते. टांग्याशी येऊन त्या म्हणाल्या, "उधर भी उनके वास्ते दुआ करना, मास्टर."

अण्णांनी मान हलवली.

गाडीत ते खिडकीकडे पाठ करून बसले. गाव मागे पडताना मीच एकटी पाहत राहिले. तेव्हा मला उमगलं, अण्णांना न्यायचं मी म्हणत होते, पण ते तिथं आहेत याच भरवशावर मी औरंगाबादेत नांदत होते.

माहेराहून आल्यावर मला नेहमीच काही दिवस करमत नसे. या खेपेला माहेरच माझ्या पुढच्या खोलीत खाटेवर येऊन बसलं आहे, आणि त्याला करमत नाही.