वाटणीत न गेलेला

उंब्रजहून एस.टी.त बसले तेव्हा पिशवीत लाडू आणि अंगाऱ्याची पुडी होती. जतकडच्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, पोटात गाठ निघाली होती. तिला ऑपरेशनला मिरजेला न्यायला मी चालले होते. निघण्याआधी देवाला कौल लावला (मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवून विचारतात, उजवं आधी पडलं तर होकार). डावं पडलं. मी घरात कुणाला सांगितलं नाही.

कराडपुढे बराच वेळ ऊस खिडकीला सोबत करत होता. मिरज मागे पडली तसा तो संपला आणि उघडे माळ सुरू झाले. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, तरी रस्त्यात पाण्याचा टँकर भेटलाच. पुढे मेंढरांनी गाडी अडवली.

"बसा निवांत, मावशी," कंडक्टर म्हणाला. "ही हॉर्नला भीत न्हाईत."

तेवढ्यात पिशवी उघडून बघते तर पुडी फुटून अंगारा लाडवांवर सांडलेला.

सुमनच्या दारात शेजारणीनं कानडीत "बर्री, कूडरी" (या, बसा) म्हणून स्वागत केलं. सुमन गळ्यात पडून रडेल, मग मी धीर देईन, असं मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. तिनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक पुढं केलं. राखाडी लाडू तोंडात टाकून म्हणाली, "अंगारा लावायचं काम वाचलं की."

तिच्या देवाचा कोनाडा रिकामाच होता. घर वाटलं गेलं तेव्हा देव थोरल्या जावेकडे गेले, आणि हिनं नवे आणले नाहीत. दिवेलागणीला ती अंगणात माळाकडे तोंड करून गप्प बसली.

"कुणाला आळवतीस गं?"

"आळवत न्हाई. कोणतरी हाय, त्याच्यासंगं बसते."

"कोण?"

"नाव ठावं न्हाई. देव वाटणीत गेले, त्यो न्हाई गेला."

अंथरुणाला पाठ टेकताच ती झोपली. मी जपमाळ ओढत जागी. सरळ सांगते, मला तिचा हेवा वाटला, पोटात गाठ असलेल्या सख्ख्या बहिणीचा. सोमवार मी धरले, नवस मी फेडले, अनवाणी डोंगर मी चढले, आणि झोप हिला.

मिरजेला दवाखान्यात आत नेण्याआधी तिनं माझा हात धरला.

"अक्का, कौल लावला असशील. डावा आला न्हवं?"

"व्हय, डावाच."

"तरी आलीस की. मग कौलाचं कुठं ऐकलंस?"

तिला आत नेलं. बाकड्यावर बसून मी वाट पाहत राहिले, पिशवीतली माळ काढायची आठवणही झाली नाही. गाठ साधी निघाली. ती हिंडूफिरू लागल्यावर मी उंब्रजला परतले.

घरी आल्यावर देव चिंचेनं घासायला खाली काढले. रिकाम्या कोनाड्यापुढे सुमनसारखी बसून पाहिलं. चिंचेच्या वासापलीकडे काही जाणवलं नाही. तिला बसल्या जागी मिळतं, मग मलाच का नाही, म्हणून जीव पुन्हा जळला. मग उठून देव जागच्या जागी मांडले, जरा दाटीनं, आणि मधे थोडी जागा मोकळी ठेवली.

मालकांनी विचारलं, "हितं कोण बसायचा हाय?"

"सुमनकडं असतो, त्यो," मी म्हणाले. "कवातरी आपल्याकडंबी यावा."