थांबवणारा डबा

विजेच्या मोटारीजवळ आला की फौजी आधी हात उपडा करायचा. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी हाताची मागची बाजू मोटारीला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आंग पाहू दे." मग आम्हा सगळ्यांकडे असा बघायचा, जणू साऱ्या तालुक्यात नाडी त्यालाच कळते.

तळहात का लावत नाहीस, असं मी एकदा विचारलं. "तळहाताले झटका बसला तर मूठ आवळते, सुटत नाही. उपडा हात आपोआप मांगं येते. समजलं का, मिस्तरी?" समजलं होतं. पण त्याचं ते 'समजलं का' मला कधीच पचलं नाही.

मी पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे, त्यांचे पट्टे, बेअरिंगं, तेलपाणी, हे माझं राज्य. जुनं ऑइल इंजिन जाऊन विजेची मोटार आली तेव्हा अर्धं राज्य गेलं, आणि उरलेल्या अर्ध्यात हा शिरला. आमचं सूत जुळायला वेळ लागला तो उगाच नाही.

तो उमरखेडकडच्या एका बंजारा तांड्यातला. फौजेत बिनतारी संदेशाच्या खात्यात राहून आलेला, म्हणून सगळे त्याला फौजीच म्हणत. आमच्या बाजारात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. घरी गोरबोली, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी आणि बढाई मारायची असली की फौजेतली हिंदी. त्यामुळे हिंदीच जास्त कानावर पडायची. काश्मीरच्या बर्फातून आपण बोललो की दिल्लीत कसं खणखणीत ऐकू जायचं, हे तो सांगायला लागला की रेच्यांवरच्या बायांची म्होरकी जनाबाई म्हणायची, "फौजीभाऊ, तुमचा आवाज बिनारेडिओचाबी जाते दिल्लीले."

त्याचं आमच्याकडे येणं झालं ते मोटार जळाल्यामुळे. तिला तीन तारांतून वीज यायची. बाहेर खांबावर त्यातली एखादी निखळली तरी चालू मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन तारांवर कण्हत फिरत राहते आणि आतून जळते. एका हंगामात तसंच झालं. मोटार नागपूरला बांधायला गेली. इकडे कापसाच्या बैलबंड्या फाटकाबाहेर ताटकळल्या, आणि रेच्यांवरच्या बाया रोज सकाळी डबा बांधून यायच्या, फाटक बघायच्या आणि परत जायच्या. जनाबाई जाताना मला विचारायची, "मिस्तरी, आज तरी?" मी मान हलवायचो. ते मान हलवणं मला अजून आठवतं आणि अजून बोचतं.

फौजीनं ते ऐकलं आणि सरळ मालकांच्या गादीसमोर जाऊन उभा राहिला. असा डबा बनवतो म्हणाला, जो तिन्ही तारांवर नजर ठेवेल, आणि एक जरी गेली तरी मोटार बंद पाडेल.

शेठजी हसले. "चलाने की मशीन घेतली, आता बंद करायचीबी घेऊ का?"

"चालवाले काय, शेठजी, कोनीबी चालवते," फौजी म्हणाला. "थांबवाले अक्कल लागते."

हे वाक्य पुढे त्यानं आम्हाला इतकं ऐकवलं, की रेच्यांवरच्या बाया एकमेकींना भाकरी वाढतानाही म्हणायच्या, बस कर, थांबवाले अक्कल लागते.

डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबाच. आत शेंगदाण्याएवढे, तीन पायांचे ट्रान्झिस्टर. रेडिओत गाणी वाजवणारे हे दाणे मोटारीची राखण कशी करणार, हे बघायला गावातली माणसं येऊन गेली. मी म्हटलं, आत मोटारीपाशी लाव. "आत?" त्याला पटेच ना. "आत कोनाले दिसन?" त्यानं डब्याला लालभडक रंग दिला आणि फाटकातून शिरताच डोळ्यांत भरेल असा पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीवर ठोकला.

हिवाळ्यात एकदा खांबावरचा जोड सुटला आणि मोटार कण्हायच्या आत बंद झाली. फौजी दुकान उघडं टाकून आला. उपडा हात लावला. "बंद पडली म्हणजे वाचली!" असं ओरडून त्यानं साऱ्या जिनाला बत्तासे वाटले. मीही खाल्ले. बत्ताशांशी माझं काही भांडण नव्हतं.

पण चैत्र लागला आणि डब्याचं बिनसलं. तिन्ही तारा जागच्या जागी, मोटार थंडगार, आणि भर दुपारी काम ठप्प. पुन्हा सुरू करावं, पुन्हा ठप्प. पट्टे लोंबकळत राहायचे, बाया पदरानं वारा घेत बसायच्या आणि शेठजी गादीवरून उठून यायचे. फौजी डबा उघडायचा, एकेक जोड तपासायचा आणि चूक सापडली नाही की माझ्या पट्ट्यांना नावं ठेवायचा. मी काय गप्प बसणार? आमची चांगलीच जुंपायची.

शेवटी शेठजींचा संयम संपला. "मिस्तरी, मोटार डायरेक्ट जोडून टाक. उद्यापासून हा डबा भितीवर मले दिसला नाही पाहिजे."

डायरेक्ट म्हणजे पुन्हा बिनराखणीची मोटार. पुन्हा एखाद्या सकाळी बंद फाटक आणि जनाबाईचं "आज तरी?". खरं तर माझा विजय झाला होता. पण फौजीचं तोंड बघितलं आणि मला तो विजय नकोसा झाला. काश्मीरहून दिल्लीपर्यंत पोचणारा आवाज एकदम बसला होता.

तो रांजणाशी पाणी प्यायला गेला. तिथे सावलीला जनाबाई बसली होती. "फौजीभाऊ," ती म्हणाली, "तुमचा डबा आमच्यावानीच हाय पाहा. सकाळी बरा राह्यते. दुपारी उन्हानं त्याच्यानंबी काम होत नाही."

पाण्याचा गडवा त्याच्या हातात तसाच राहिला. मग तो धावत भिंतीकडे गेला आणि आजवर जे कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. उपडा हात मोटारीला नाही, डब्याला लावला. हात झटकन मागं आला.

"याडी!" आईच्या नावानं तो असा फक्त गोरबोलीतच ओरडायचा. "मिस्तरी, मोटारीले ताप नाही. डाक्टरलेच ताप आला!"

त्यानं घाईघाईनं समजावलं ते असं: उन्हानं त्या तीन पायांच्या दाण्यांचं डोकं फिरतं, तार जागेवर असली तरी ते गेली म्हणतात. सारी दुपार पश्चिमेचं ऊन खाणारा पत्रा, आणि त्यावर त्यानं स्वतः हौसेनं ठोकलेला डबा. जिनात गार जागा एकच होती: रांजणामागचा जाड भिंतीतला कोनाडा. अंधारा, आणि वाकल्याशिवाय न दिसणारा.

"तिथं कोनाले दिसन?" तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी हळू.

"तुमाले दिसाची एवढी हौस असन," जनाबाई म्हणाली, "तर भितीले तुमी टांगून घ्या."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी तारा फिरवल्या. मी पाना धरला, त्यानं जोड बांधले, आणि पहिल्यांदाच आम्ही भांडलो नाही. शेठजींचा हुकूमही मोडला नाही. डबा भिंतीवर दिसता कामा नये म्हणाले होते, तो दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून जिन भर दुपारीही बिनतक्रार चालू लागलं. शेठजी खूश. फौजीच्या देखत मला म्हणाले, "देखा? डबा काढला अन झंझट गेली." फौजी कानापर्यंत लाल झाला. पण बोलला नाही. अशा माणसानं गप्प बसणं म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यालाच कळेल. डबा आधी स्वतःला सिद्ध करू दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आणि एका दुपारी वावटळ उठली. रस्त्यापलीकडच्या खांबावरची एक तार तुटून लोंबली. समोरच्या तेलघाणीतल्या मोटारीतून आधी कण्हण्याचा आवाज आला आणि मग जळक्या वासाचा काळा धूर. आमच्याकडे मात्र रेचे नुसते सावकाश होत होत थांबले. शेठजी धोतर सावरत धावत आले. "गेली! आपलीबी गेली!"

सगळ्या बाया फौजीकडे बघायला लागल्या. वावटळ उठताना तो दुकानातून पळत आला होता. आता काश्मीर, दिल्ली, अक्कल, सगळं ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत राहिलो. पण त्यानं शेठजींचा हात धरला, उपडा केला आणि मोटारीवर ठेवला.

"आंग पाहा, शेठजी."

शेठजींनी हात बराच वेळ तसाच ठेवला. "थंडी हाय," ते म्हणाले. "पन डबा तर काढला ना?"

फौजीनं हनुवटीनं रांजणाकडे खूण केली.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. छाती भरून आली. बिस्किटाच्या डब्यातली ती राखण आमच्या गावात, आमच्या माणसानं केली होती. नागपूरहून कुणी आलं की मी कामं सोडून त्याला रांजणामागं वाकायला लावायचो.

शेठजी म्हणाले, आता दर्शनी भिंतीवर लाव, खाली तुझं नाव रंगवून घेऊ. ज्याच्यासाठी तो जन्मभर झुरला असता तेच समोरून चालत आलं होतं. त्यानं भिंतीकडे एकदा बघितलं. "नाही, शेठजी. तिथं त्याले ताप येते."

काही वर्षांनी पावसाळ्यात तो विषमज्वरानं पडला. मी आणि जनाबाई तांड्यावर गेलो. मी त्याच्या कपाळाला उपडा हात लावला आणि हात आपोआप मागं आला. तो हसला. "डाक्टरलेच ताप आला, मिस्तरी." मग विचारलं, "मोटारीचं आंग?"

"थंडगार," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तो नव्हता. आम्ही मोटारीला हार घातला, रेच्यांना हळदकुंकू लावलं. एक हार उरला होता. तो शेठजींनी माझ्या हातातून घेतला, रांजणाजवळच्या चिखलात पांढरं धोतर टेकवून वाकले आणि कोनाड्यात हात घातला. हार घालायच्या आधी त्यांनी हात उपडा केला.