रेषेबाहेरची खुर्ची

आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजात फुटबॉलसाठी सल्लागार नेमायची कल्पना माझीच, आणि नेमून विसरून जायची कामगिरीही माझीच.

सर निवृत्त प्रशिक्षक, सत्तरीचे. घाटनांदूरहून एसटीनं यायचे, सहाच्या गाडीनं परत जायचे. मैदानाच्या रेषेबाहेरची खुर्ची रुमालानं पुसून बसायचे. शिट्टी गळ्यात, पण शर्टाच्या आत. पोरं चुकली की अर्धवट उठायचे, खाकरायचे आणि पुन्हा बसायचे. क्रीडाशिक्षक म्हणून मी लांबूनच ओरडायचो, "सर, चहा?"

मग एक सामना आम्ही पेनल्टीवर हरलो. आमचा गोलकीपर दर वेळी उजवीकडेच झेपावला.

"पयल्याच दिवशी दिसलं हुतं मला," सर म्हणाले.

मी चिडलोच. "मग सांगितलं का नाही, सर?"

"तुमी रोज चहाच इचारला."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशेजारी खुर्ची टाकली आणि गोलकीपरचं विचारलं. पाच मिनिटांत त्यांचं सांगून झालं. पण ते माझ्याकडे बघतच राहिले, म्हणून मी आणखी विचारत गेलो. पोरं घरी गेली. समोरच्या रस्त्यावरून एसटी निघाली.

"सर, तुमची गाडी गेली!"

"जाऊ द्या," ते म्हणाले. "आनखी काय बी इचारा."