गुडघ्याखालची मुठीएवढी फट

डॉ. महालिंग उंबरगे यांच्याकडं मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला 'बसा' म्हटलं नाही. तेरहून धाराशिवला एस.टी.त उभ्यानं आले होते. डावा गुडघा ठणकत होता. खुर्चीला हात लावते न लावते तोच डॉक्टर म्हणाले, "थांबा. दारापर्यंत जाऊन परत या बरं."

मला राग आला. मी म्हणाले, "दारातनंच आले की! परत कशाला?"

"तुम्ही येत होता तेव्हा मी कागद बघत होतो. चूक माझी. आता तुमचं चालणं बघतो."

चूक माझी म्हणणारा डॉक्टर मी तोवर बघितला नव्हता. गेले दारापर्यंत आणि आले परत, लंगडत.

डॉक्टरांना आता साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांच्या या गौरवग्रंथात मोठमोठे सर्जन लिहिणार, त्यांचे विद्यार्थी लिहिणार. मी सोजराबाई, तिसरीपर्यंत शाळा शिकलेली. मी काय लिहावं? पण ग्रंथ काढणारी मंडळी म्हणाली, आजी, तुमच्या गुडघ्याचं लिहा. म्हणून लिहायला घेतलं. काने-मात्रे सुनेनं बघितलेत, बोलणं माझंच आहे.

डॉक्टरांच्या घरात कन्नड बोलतात, म्हणून ते मला अव्वा म्हणतात. अव्वा म्हणजे आई. त्या दिवशी स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारलं, "अव्वा, दुखतं म्हणजे कसं? ठणका आहे, सणक आहे, का कळ निघते?" मी म्हणाले, "दुखतं ते दुखतं." तर म्हणाले, "नाही. कळ कमरेतनं निघून पायात उतरत असेल तर दुखणं कमरेचं असू शकतं. ठणका गुडघ्यातच बसून असेल तर मी गुडघा बघीन." मग मला आठवायला लागलं. पहाटे उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, चार पावलं टाकली की सुटतो, दुपारी ठणकतो. आपल्या बायकांकडं दुखण्याचे किती शब्द आहेत बघा. ठसठस, शिणक, चमक, ओढ, मुंग्या. घरात यांतला एक उच्चारला तरी, 'झालं का सुरू तुझं?' असं ऐकायला मिळतं. डॉक्टरांनी मात्र सगळे लिहून घेतले.

त्यांच्या टेबलावर एक वही असते. डाव्या पानावर दवाखान्यातला शब्द आणि उजव्या पानावर तो पेशंटनं कसा सांगितला ते. दवाखान्याची एक रीतच आहे. आपलं ऑपरेशन आपण आपल्या बोलीत घरच्या माणसाला समजावून सांगायचं. डॉक्टर बाजूला बसून ऐकतात. नीट सांगता आलं तरच सहीचा कागद पुढं करतात.

माझ्या एक्स-रेच्या फोटोत सांध्यातली गादी झिजलेली दिसली. हाडावर हाड घासत होतं. "सांधा बदलावा लागेल," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला वाटलं, गुडघा कापून काढतात आणि लोखंडाचा बसवतात. गावात तसंच बोलतात. डॉक्टरांनी सोबत आलेल्या माझ्या मालकांना विचारलं, "तुमच्याकडं बैलगाडी होती?" मालक म्हणाले, "व्हय, हाय की अजून." "चाकाला लोखंडी धाव बसवता तेव्हा चाक टाकून देता का?" "न्हाय. चाक तेच. वरनं धाव." "तसंच हे. झिजलेलं टोक तासायचं, वर धातूची टोपी बसवायची, मधे प्लॅस्टिकची चकती. हाड तुमचंच, शिरा तुमच्याच."

मालक हे पुढं महिनाभर पारावर सांगत होते, जसं काही ऑपरेशन हेच करणार.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहितेय ती पुढंच आहे. डॉक्टरांनी विचारलं, "अव्वा, या गुडघ्याकडनं तुम्हाला काय पाहिजे?"

माझी लेक उषा, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. पाचवा लागला होता. मी सांगितलं, "मला लेकीचं बाळ न्हाऊ घालायचंय. माझ्या पायांवर."

शहरातल्या पोरींना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. न्हाणीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर लांब पसरायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं आणि तेल जिरवून ऊन पाणी घालायचं. माझ्या तिन्ही लेकरांना माझ्या आईनं असंच न्हाऊ घातलं. उषाचं मी नाही घालायचं तर कुणी?

डॉक्टर म्हणाले, "दाखवा." मी तपासायच्या पलंगावर पाय पसरले. उजवा टेकला. डावा कमानीसारखा वरच राहिला. त्यांनी खालनं मूठ घातली, ती आरपार गेली. म्हणाले, "सगळे मला विचारतात गुडघा वाकेल किती. सरळ होईल का, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या." याला त्यांच्यात फिक्स्ड फ्लेक्शन म्हणतात. मी म्हणाले, गुडघा मिटून राहिलाय. ते वहीत गेलं.

मग म्हणाले, "सरळ करायचा प्रयत्न करू. शब्द देत नाही. आणि जमिनीवर बसू देणार नाही."

"मग न्हाऊ कसं घालू? उभ्यानं?"

डॉक्टर म्हणाले, "विचारून सांगतो." पुढच्या खेपेला मी गेल्या गेल्या त्यांनी सांगितलं, "आमच्या आईला विचारलं. ती म्हणाली, न्हाणीत पट्ट्यांची बाज टाका. पाणी खाली गळून जातं, टाचेखाली पाट ठेवायचा." एवढा मोठा सर्जन, आणि माझ्या न्हाणीसाठी घरी जाऊन आईला विचारतो. तारीख ठरली.

आता माझी चूक सांगते. ती लिहू का नको, असं सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आत्या, तीच तर लिहा."

ऑपरेशनच्या चार दिवस आधी गुडघा फार ठणकायला लागला. आमच्याकडं सांधा दुखला की बिब्बा लावतात. सुईवर बिब्बा धरून दिव्यावर तापवायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी ठिपके द्यायचे. मी दिले. बिब्बा उतला. गुडघ्याभोवती फोड आले, पाणी धरलं. मी लुगड्याखाली झाकून ठेवले आणि दवाखान्यात भरती झाले. ऑपरेशनच्या सकाळी पाय पुसताना सिस्टरनं बघितलं.

डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, "आज नाही."

मी हात जोडले. "डॉक्टर, उषाला सहावा सरत आलाय. हे वरवरचं कातड्याचं हाय, तुमचं काम तर आतलं."

"अव्वा, आत जायची वाट कातड्यातनंच आहे. या फोडातले जंतू धातूला चिकटले तर बसवलेला सांधा परत काढावा लागेल."

त्यांचे हाताखालचे डॉक्टर माझ्यावर चिडले. "इन्फेक्शन असलं तर सांगा म्हणून बजावलं होतं ना आजी?" डॉ. उंबरगे यांनी त्यांनाच विचारलं, "इन्फेक्शन म्हणजे काय सांगितलं होतं?" "ताप, पू, सूज." "यांना ताप आहे? पू आहे?" "नाही." डॉक्टरांनी वही मागवली, 'इन्फेक्शन'पुढची ओळ खोडली आणि उभ्या उभ्या लिहिलं: कातड्यावर ओरखडा, फोड, चटका, बिब्बा, दुखरा दात, लघवीला जळजळ, यातलं काहीही. म्हणाले, "शब्द आपण दिला, अर्थ दिला नाही. चूक आपली."

त्यांनी चूक स्वतःकडं घेतली, म्हणून माझी धुऊन निघत नाही. झाकून तर मीच ठेवलं होतं. पण त्या दिवशी मला कुणी हिणवलं असतं, तर मी परत त्या दारात गेले नसते. पुष्कळ बायका अशाच घरी बसतात. आता तिथं पहिला सवाल असतो, 'बिब्बा लावलात का?' आणि बायका हसून खरं सांगतात.

फोड सुकून कातडं नीट व्हायला सव्वा महिना गेला. ऑपरेशन झालं तेव्हा उषाला सातवा सरून आठवा लागला होता.

धातू डॉक्टर बसवतात, पाय मात्र आपणच सरळ करायचा असतो. टाचेखाली उशी ठेवून गुडघा खाली दाबायचा. फिजिओची पोरगी 'दहा मोजा आजी' म्हणायची आणि मी तिच्या सात पिढ्या मोजायचे. डॉक्टरांनी मूठ घालून बघितली; ती गेली नाही, पण चार बोटं जात होती. म्हणाले, "घरी ज्वारी आहे ना? पिशवीत बांधून गुडघ्यावर ठेवत जा. आधी किलोभर, मग वाढवू." मी पिशवीला बाळाची कुंची घातली. मालक म्हणाले, "नात आली वाटतं, लई गप हाय!" हसताना गुडघा जास्त दुखायचा, तरी हसले.

उषा नऊ महिने भरल्यावर बाळंत झाली. मुलगी. मी अजून दोन बोटांवर होते. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "दोन बोटांवर बाळ ठेवू नका. घसरेल." पहिले काही दिवस शेजारच्या बाईनं बाळाला न्हाऊ घातलं. मी दारात वॉकर धरून उभी राहायचे. उषा म्हणायची, "आई, राहू दे. एवढं काय त्यात?" पाळण्यात नात रडायची आणि मी शेजारच्या खोलीत गुडघ्यावर ज्वारी ठेवून दहा मोजायचे.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः तेरला आले. कुणीतरी पडलं होतं, त्यांना बघायला गावात आले होते, तसेच आमच्याकडं वळले. चपला दारात काढल्या. मला बाजेवर बसवलं, पाय पसरायला लावले, गुडघ्याखाली बोट घालायला गेले. गेलं नाही. दुसऱ्या बाजूनं बघितलं. तिकडनंही गेलं नाही.

"अव्वा," ते म्हणाले, "पाणी तापवा."

मी नातीला नडग्यांवर पालथं घेतलं. खोबरेल तिच्या पाठीवर जिरवलं. पहिला तांब्या पडला तशी ती चवताळून रडली, दुसऱ्याला थांबली आणि तिसऱ्याला अंग सैल सोडून दिलं. पाणी बाजेतनं खाली गळत होतं. पाय हलला नाही. डॉक्टर न्हाणीबाहेर, दाराकडं पाठ करून उभे होते. तिथनंच म्हणाले, "मी इतके गुडघे केले. कशासाठी केले ते आज पहिल्यांदा ऐकलं."

ती नात आता अंगणभर पळते. तिच्या मागं पळायला मला जमत नाही, पण चालायला जमतं.

डॉक्टरांनी माझ्यासारख्या कितीजणींना उभं केलं, ते बाकीचे लिहितीलच. ते स्वतः मात्र दिवसभर उभे असतात, जेवायला वेळेवर बसत नाहीत, हे त्यांच्या घरच्यांनी या ग्रंथात लिहायला हवं. देवानं त्यांना भरपूर आयुष्य द्यावं, आणि त्यातला प्रत्येक दिवस धडधाकट द्यावा. नातीच्या लग्नात त्यांनी पंगतीत खाली मांडी घालून बसावं. मी त्यांच्याच हुकमानं खुर्चीवर बसीन, आणि 'अजून एक पुरणपोळी घ्या' म्हणून तिथनंच आग्रह करीन.