पूजेला धुतलेली मोटार

काल शेजारी नव्या गाडीची पूजा होती. बोनेटवर पाणी शिंपडताना पाहिलं आणि दादाच्या लग्नाची सकाळ आठवली. संताप अजून तसाच आहे.

लाखनीहून वरात निघायची होती. पूजेसाठी मोठ्या काकांनी भाड्याच्या मोटारीचं बोनेट उघडून आतही बादलीभर पाणी ओतलं होतं. आता इंजिन नुसतं घरघरायचं, सुरू होईना. काकांची नजर मागे माझ्याशेजारी बसलेल्या आत्यावर गेली. ती विधवा.

"शांते, तू उतर वं. तुह्यापायी गाडी चालू होऊन नाही राहिली."

सख्ख्या बहिणीला. आत्या नवं लुगडं सावरत उतरली.

ड्रायव्हर बोनेटखाली वाकला. "पेट्रोल येऊन राहिलं जी, करंटच नाही. इथं पाणी घुसलं." त्याने डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, फडक्याने कोरडं केलं, परत बसवलं. लगेच इंजिन सुरू झालं.

"पाहा," काका म्हणाले, "शांता उतरली अन् चालू झाली."

ड्रायव्हरच्या हातात ओलं फडकं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि काकांकडे बघून माना डोलावल्या. वरात निघाली. आई गेल्यावर दादाला जिने वाढवलं, ती दारातच राहिली.