किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह

हवाई दलात नोकरी केलेल्या माझ्या बाबांचा परक्या वस्तूवर कधीच विश्वास नव्हता. प्रवासाला निघाले की स्वतःची चादर, स्वतःचं कुलूप आणि पाण्याचा स्वतःचा पेला सोबत. निवृत्तीनंतर लखनौलाच अलीगंजमध्ये घर केलं, तरी सवय गेली नाही.

म्हणून पुण्याला नोकरीवर निघताना मी त्यांना एक पेनड्राइव्ह तयार करून दिला. त्यातच ब्राउझर, त्यातच मेलचा पासवर्ड. घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि मोबाइलवर मराठी टाइप करताना त्यांचा जीव मेटाकुटीला येई. "कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत लावा, काम करा, काढून घ्या. मागे काही राहत नाही," मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला.

दर रविवारी मेल येऊ लागली. समोर बसून चार वाक्यं न बोलणारा माणूस पानंच्या पानं लिहायचा. मला त्या पत्रांचं वेड लागलं होतं.

एका रविवारी पत्र आलं नाही, फोन आला. "अगं, तो मला आत घेईना." कुणीतरी पासवर्ड बदलला होता. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे ते परत मिळेना. मी सुट्टी काढून गेले. कॅफेतल्या कॉम्प्युटरमध्ये एक चोरटा प्रोग्रॅम निघाला. बाबा टाइप करत ते टिपून, पेनड्राइव्हवरचं उतरवून तो कुठेतरी पाठवत होता.

"अंकल जी, माफ़ कीजिएगा, हमें ख़बर ही नहीं थी," दुकानदार म्हणाला. त्याला खरंच नव्हती.

माझा पडलेला चेहरा पाहून आई म्हणाली, "अगं, पेला आपला असला तरी पाणी तिथल्याच माठातलं ना." एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याची लाज वाटली.

"तुमची सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, बाबा. काही गेलं नाही."

ते किल्ल्या चाळत राहिले. "पाठवलेली आहेत. न पाठवलेलीही होती तिथे, सात-आठ."

"काय होतं त्यांत?"

ते उठून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, विषय संपला. पण ते माझ्यासाठी कपात आणि स्वतःसाठी पेल्यात चहा घेऊन आले आणि शेजारी बसले.

"चारबाग स्टेशनवर तुला पुण्याच्या गाडीत बसवलं ना," ते म्हणाले, "तेव्हा मी लगेच घरी आलो नव्हतो."