डब्याच्या झाकणावरचा पूल

आमच्या शाळेत शिवणाच्या बाईंना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. नाव होतं, मस्टरवर रोज सहीही व्हायची, पण पोरांपासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे त्यांना 'शिवणाच्या बाई'च म्हणायचे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आणि मी चित्रकलेचा मास्तर, म्हणजे शाळेच्या लेखी सणासमारंभाला फळ्याच्या कडेनं वेलबुट्टी काढणारा माणूस. शिवण काय आणि चित्रकला काय, दोन्ही सावत्र विषय. त्यामुळे आमच्या खोल्या व्हरांड्याच्या पार टोकाला, एकीला लागून एक. म्हणून बाईंबद्दल इतरांपेक्षा मला चार गोष्टी जास्त ठाऊक.

शिवणाचा तास बंद होऊन बरीच वर्षं झाली. मशिनं खोळी घालून भिंतीशी उभी असतात. बाई मात्र राहिल्या, कारण त्यांच्याशिवाय शाळेचं पान हलत नव्हतं. संमेलनाचे कपडे, फाटलेले युनिफॉर्म, पडद्याची तुटलेली कडी, ताप भरलेलं पोर, सगळं त्यांच्या खोलीकडे जायचं. हात मायेचा, पण तोंडाला धार. पँटची शिलाई उसवून पाय जमिनीवर लोळत असलेलं पोर दिसलं की म्हणायच्या, "काय रे, शाळा झाडायला ठेवलंय का तुला?" आणि झाडणाऱ्याला तिथंच उभं करून टाका घालून द्यायच्या.

त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा असे. आत सुया, रिळं, टाचण्या, बटणं आणि एक जुनी कात्री. झाकणावर युरोपातल्या एका शहराचं चित्र होतं. नदी, नदीवर दगडी पूल, मागे घुमट, आणि पुलावर एका दिव्याखाली छत्री घेऊन उभी असलेली बाई. शिवणाच्या बाई लहान असताना वडिलांनी ऑफिसातून तो आणला होता. बिस्किटं दोन दिवसांत संपली आणि डबा जन्माला पुरला. झाकण उघडताना अंगठा नेमका छत्रीवालीच्या तोंडावर पडायचा, त्यामुळे तिचा चेहरा केव्हाच पुसला गेला होता.

एरवी बाई कशाला भुलायच्या नाहीत. पण एकदा मशिनला तेल घालता घालता मला म्हणाल्या, "सर, एकदा त्या दिव्याखाली उभं राहायचंय. बाकी मला काही नको." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. घरी आई वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे शाळेच्या सहलीपलीकडे बाई कुठं गेल्याच नव्हत्या. गेल्या वर्षी आई गेली. या वर्षाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. आणि योगायोग असा की नेमकी याच वर्षी शाळेनं नववीची सहल परदेशी न्यायची ठरवली, ती त्याच शहराला. मुलींच्या आयांनी सांगून टाकलं, शिवणाच्या बाई जाणार असतील तरच पोरी पाठवू. झालं, बाईंचं ठरलं. बातमी कळली त्या दिवशी त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण दिवसभरात एकाही पोरावर ओरडल्या नाहीत. तेवढ्यावरून मी काय ते ओळखलं.

आता बाईंच्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या नियमामुळे झालं.

फार पूर्वी आमची सहल एका धरणावर गेली होती. परतताना बाईंनी बसमध्ये डोकी मोजली. आकडा बरोबर आला, बस निघाली. शाळेपाशी पोरं उतरली तर त्यात एक पोर असं, की ज्याला कुणी ओळखेना. आकडा बरोबर, पोरगं दुसऱ्याच शाळेचं! आणि आमचा पठ्ठ्या तिकडे त्यांच्या बसमध्ये बसून गाणी म्हणत होता. दोन्ही पोरं सुखरूप घरी पोचेपर्यंत बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या दिवसापासून त्यांचा मोजणीवरचा विश्वास उडाला. त्यांनी जोडीची पद्धत काढली. सहलीला निघण्याआधी ज्यानं त्यानं आपली जोडी ठरवायची आणि घरी परत येईपर्यंत ती सोडायची नाही. एक बाथरूमला गेला तर दुसरा दाराशी उभा. एक आजारी पडला तर दुसरा त्याच्या उशाशी. एक जाईल तिकडे दुसऱ्यानं जायचं. शिक्षकांनासुद्धा सूट नाही, आणि अदलाबदल तर मुळीच नाही.

पोरं आपापली जोडी ठरवायची तेव्हा बऱ्याचदा शेवटी एक जण उरायचा. "उरेल ते माझं," बाई म्हणायच्या. कापडाच्या तुकड्यांबद्दलही त्या हेच म्हणत.

या खेपेला उरली घुमी. पोरांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. वर्षाच्या मध्येच शाळेत आलेली मुलगी. विचारलं तर मान हलवायची, नाही विचारलं तर तेवढीही नाही. बाईंनी तिला सांगितलं, "तू माझी जोडी. बोलली नाहीस तरी चालेल, हरवलीस तर याद राख." आणि माझ्या जोडीला कोण आलं? मोठ्या बाई. परदेशात जाऊन मी काय पाहिलं असं घरी विचारतात, तेव्हा मी सांगतो, मोठ्या बाईंची पर्स. निम्मा वेळ ती माझ्याच हातात होती.

विमानतळावरच पहिला तमाशा झाला. बाईंनी डबा हातातल्या पिशवीत ठेवलेला. तपासणीवाल्यानं आतली कात्री काढून घेतली. "अहो, तिनं पोरांचे दोरे कापतात, गळे नाही," बाई त्याला समजावत होत्या. तो ढिम्म हलला नाही. माझा जीव मेटाकुटीला आला, मागे रांग खोळंबली, आणि शेवटी कात्री तिथंच राहिली. "मेल्याला साधं बटण तरी लावता येतं का," असं पुटपुटत बाई विमानात बसल्या.

शहरात पोचलो. हॉटेलपाशी उतरताना बसच्या पायरीवरून घुमीचा पाय सटकला. घोटा बघता बघता पावासारखा फुगला. डॉक्टर आले, पट्टी बांधली आणि म्हणाले, घरी जाईपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. झालं! पोरगी पलंगावर आणि जोडी म्हणून बाई खुर्चीत. आम्ही सगळे सामान टाकून पूल बघायला पळालो. हॉटेलपासून दोन गल्ल्या सोडून तर होता.

संध्याकाळी मोठ्या बाई आणि मी शिवणाच्या बाईंच्या खोलीच्या दाराशी गेलो. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या तासभर मी बसते हिच्यापाशी, तुम्ही जाऊन या."

"तुम्ही बसलात तर सरांनाही बसावं लागेल," बाई म्हणाल्या. "पोरीच्या खोलीत एवढी गर्दी कशाला? आणि नियम मोडायला सुरुवात आपणच केली, तर पोरांना कुठल्या तोंडानं सांगायचं?"

मला संताप आला. "अहो बाई, जन्मभर त्या पुलाचा जप केलात, आणि तो इथं हाकेच्या अंतरावर आहे! तासाभरानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"धरणावर पण सगळे हेच म्हणत होते, सर. काय होतंय, काय होतंय."

मी हात टेकले. आत घुमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, झोपली आहे.

ती खोली मी रोज दारातून पाहत होतो. दोन पलंग, एक खुर्ची, भिंतीवर फुलदाणीचं चित्र, तेही वाईट. खिडकी उघडली की समोर हॉटेलच्याच मागच्या बाजूचे पाइप आणि कुणीतरी वाळत टाकलेले टॉवेल. जगप्रसिद्ध शहरात येऊन बाईंच्या वाट्याला एवढंच आलं. पण त्यांची कुरकुर नाही. पोरं दिवसभर भटकून यायची ती तुटलेले पट्टे आणि उसवलेले खिसे घेऊनच. बाई शिवत बसायच्या. कात्री नाही, त्यामुळे दोरा दातानं तोडायच्या. घुमी डबा मांडीवर घेऊन त्यांना रंग बघून रिळं काढून द्यायची. पोरं फोनवर पुलाचे फोटो दाखवायची, कधी दिव्याखालचे, कधी घुमटासमोरचे. बाई फोन लांब धरून बघायच्या, "हं, छान" म्हणायच्या आणि परत द्यायच्या. "ती दप्तराची चेन आण बघू इकडे." मला ते बघवत नसे. मी खरंच चिडलो होतो. नियम माणसांसाठी असतो की माणसं नियमासाठी, असं भांडावंसं वाटायचं. पण बाईंशी भांडून कोण जिंकलंय?

शेवटच्या दिवशी दुपारी निघायचं होतं. सकाळ मोकळी होती. मोठ्या बाईंना पुलाच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात नातवंडांसाठी काहीतरी घ्यायचं होतं, आणि त्या एका टोपीवरून दुसरीवर जात होत्या. मी पर्स धरून काचेतून बाहेर बघत होतो. तर समोरून घुमी!

एका पायावर उड्या मारत, हॉटेलच्या पांढऱ्या सपाता घालून, पुलाच्या कठड्याला धरून चाललेली. दर चार उड्यांनी थांबायची, मागे वळून बघायची आणि पुन्हा निघायची. आणि मागून बाई. त्याही सपातांत. काखेत डबा, खांद्याशी टोचलेली सुई आणि तिच्यातून लोंबणारा दोरा. "थांब! थांब म्हणते ना! अगं ए भवाने!" त्या परक्या रस्त्यावर आमच्या शाळेच्या व्हरांड्यातला तो आवाज ऐकला आणि मी दुकानातून तसाच बाहेर धावलो. मागून मोठ्या बाई ओरडल्या, "अहो सर, जोडी! माझी पर्स!"

मी पोचलो तोवर बाईंनी तिला गाठलं होतं. पुलाच्या मध्यावर, एका दिव्याखाली. धापा टाकत त्या तिला फैलावर घेत होत्या.

"अक्कल गहाण ठेवलीस का? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मी दोन मिनिटं इस्त्री परत द्यायला खाली काय गेले आणि तू... कुठं निघाली होतीस?"

"इथपर्यंतच," घुमी म्हणाली.

"इथं काय ठेवलंय?"

घुमीनं बाईंच्या काखेतला डबा काढून घेतला आणि झाकण त्यांच्यासमोर धरलं.

बाईंनी झाकणाकडे पाहिलं, मग वर दिव्याकडे, मग नदीपलीकडच्या घुमटाकडे. "आणि पूल?" असं म्हणून थांबल्या. आपण त्याच्यावरच उभ्या आहोत हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं असावं. एखादं कापड अंगठ्याखाली चोळून बघावं तसा त्यांनी कठड्याचा दगड चोळून पाहिला. "गार आहे गं," म्हणाल्या. मग दिव्याच्या खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. घुमी एका पायावर, त्यांच्या खांद्याला धरून. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मी पर्समधला मोठ्या बाईंचा रुमाल वापरला.

मोठ्या बाई आल्या त्या रागानं लाल होऊन. घुमीची पट्टी सुटली होती, घोटा पुन्हा सुजून निळा पडला होता. "हिच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू? कुणी आणलं हिला इथं?"

"मी आणलं," बाई म्हणाल्या. जन्मात खोटं न बोललेली बाई, पापणीसुद्धा न हलवता.

"नाही," घुमी म्हणाली. "मी पळून आले. बाई खाली गेल्या तेव्हा."

"का पण?"

एरवी तोंडाला कुलूप असलेली ती पोरगी सरळ मोठ्या बाईंकडे बघत म्हणाली, "बाई एकट्या आल्याच नसत्या. मी निघाले की त्यांना यावंच लागणार होतं. जोडी आहे ना."

मोठ्या बाई तरातरा माझ्याकडे आल्या. मग माझ्या हातातली पर्स ओढून घेतली आणि म्हणाल्या, "सर, उभे काय राहिलात? उचला तिला."

मी घुमीला पाठुंगळी घेऊन हॉटेलवर आणलं. जायच्या गडबडीत त्या विषयावर कुणी काही बोललं नाही.

दुपारी बस निघाली ती त्याच पुलावरून. पोरांनी एका बाजूला गर्दी केली, शेवटचा, शेवटचा म्हणत फोन काचेला लावले. ड्रायव्हर ओरडायला लागला. मी मागे वळून हाक मारली, "बाई, बघा, पूल!"

मागच्या सीटवर घुमीचा पाय मांडीवर घेऊन बाई तिची पट्टी नव्यानं बांधून टोकाला टाका घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पाहिलाय हो आम्ही," म्हणाल्या, आणि उरलेला दोरा दातानं तोडला.